मार्मेलादा

मार्मेलादा : बिही या फळाचा गर साखरेत आटवून केलेली, सुरीने कापता येईल इतकी घट्ट पोर्तुगीज वडी. बिहीला पोर्तुगीजमध्ये ‘मार्मेलो’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. संत्र्याच्या सालीचे बरणीतले मार्मालेड हाच खरा मार्मालेड, असा आपल्याकडे समज असला तरी नाव मुळात बिहीच्या वडीचे आहे.

बिही (सायडोनिया ऑब्लाँगा) हे सफरचंद आणि नाशपातीच्या कुळातले फळ. पिकल्यावर पिवळे होते, अंगावर राखाडी लव असते, आणि वास असा की एका फळाने खोली भरून जावी. वासाला भुलून चावा घेतला तर मात्र पस्तावायची वेळ येते : गर लाकडासारखा टणक आणि इतका तुरट की तोंड आवळून यावे. काश्मीरमध्ये हे फळ ‘बमचूंठ’ या नावाने भाजीत शिजवतात. महाराष्ट्रात फळ सहसा दिसत नाही. पण त्याच्या बिया, म्हणजेच बिहीदाणा, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. पाण्यात भिजवल्यावर त्यांना बुळबुळीत चिकट सुटते आणि कोरड्या खोकल्यावर ते घेतात.

कच्चे खाता येत नाही म्हणूनच हे फळ मुरवण्या-आटवण्याची परंपरा फार जुनी आहे. ग्रीक व रोमन लोक बिही मधात ठेवत. ‘मार्मेलो’ हा शब्दही मधुफळ अशा अर्थाच्या ग्रीक ‘मेलिमेलोन’पासून लॅटिनमार्गे आला. पंधराव्या शतकात मदीरा बेटावरची साखर पोर्तुगालला मिळू लागली आणि मधाची जागा साखरेने घेतली. त्याच शतकाच्या अखेरीस मार्मेलादाच्या लाकडी पेट्या जहाजांतून इंग्लंडला जाऊ लागल्या. १५२४ मध्ये एक्झेटरच्या एका गृहस्थाने राजा आठवा हेन्री याला अशी पेटी भेट दिल्याची नोंद आहे. पुढे इंग्रजांनी तीच कृती संत्र्याला लावली आणि नावही त्यालाच देऊन टाकले. १९७९ साली युरोपीय समुदायाच्या नियमाने ‘मार्मालेड’ हे नाव लिंबूवर्गीय फळांपुरते राखून ठेवले. स्कॉटलंडच्या आजारी राणी मेरीवरून (फ्रेंचमध्ये ‘मारी मालाद’, म्हणजे आजारी मेरी) हे नाव पडले, ही गोष्ट रंजक असली तरी खोटी आहे.

कृती : फळे शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या सुमारास उतरतात आणि तेव्हाच घरोघरी मार्मेलादा घालतात. आधी ओल्या फडक्याने लव पुसून काढायची. मग फोडी करून त्या मऊ होईपर्यंत शिजवायच्या आणि गर चाळणीतून घासून काढायचा. साली, गाभा आणि शिजवलेले पाणी टाकून देत नाहीत, त्यांची वेगळी जेली होते. गराच्या वजनाइतकी, किंवा जराशी कमी साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचे. उलथने लांब दांड्याचे लाकडी हवे; आटत आलेला गर फुटून उडतो आणि हाताला चटका देतो. आपण पाकाच्या तारा मोजतो, पोर्तुगीज बायका रस्ता बघतात : उलथने तळाशी ओढल्यावर दोन्हीकडचा गर क्षणभर बाजूला राहून भांड्याचा तळ दिसला की झाले. या पाकाला ‘पोंतो द एस्त्रादा’, म्हणजे रस्त्याचा पाक, असेच म्हणतात. मग मातीच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यांत ओतून काही दिवस उन्हात ठेवतात. वर कोरडी पापडी धरली की मद्यात भिजवलेला कागद लावून झाकायचे, म्हणजे बुरशी येत नाही.

वडी घट्ट बसायला वेगळे काही घालावे लागत नाही, कारण बिहीत पेक्टिन भरपूर असते. रंगाची मौज याहून मोठी. फिकट गर शिजता शिजता आधी गुलाबी आणि मग विटकरी लाल होतो. ज्या टॅनिनवर्गीय द्रव्यांमुळे फळ तुरट लागते, तीच उष्णतेने आणि आंबटपणाने फुटून लाल रंगद्रव्ये तयार होतात. म्हणजे तुरटपणा जातो आणि रंग चढतो. लिस्बनजवळच्या ओदिवेलासची मार्मेलादा मात्र मुद्दाम पांढरट ठेवतात. १२९५ साली दिनिश राजाने स्थापलेल्या तिथल्या मठातल्या जोगिणींची ही कृती आहे.

वाढणी : पातळ काप करून पावाबरोबर किंवा चीजबरोबर देतात. खारट चीज आणि आंबटगोड वडी ही जोडी स्पेनमध्येही आहे, तिथे ‘मेम्ब्रियो’ मांचेगो चीजसोबत येते. फ्रान्समध्ये ऑर्लेआँचे ‘कोतिन्याक’ छोट्या गोल लाकडी डब्यांत भरतात. तुर्कस्तानात घोटत बसत नाहीत : अर्धी फळे साखरेच्या पाकात, बियांसकट शिजवून वर घट्ट साय (कायमाक) घालून देतात.

पोर्तुगीज जिथे गेले तिथे कृती गेली, पण उष्ण किनाऱ्यावर बिही रुजेना. ब्राझीलमध्ये तिची जागा पेरूने घेतली आणि ‘गोयाबादा’ झाला. चीजबरोबर तो वाढला की त्या जोडीला तिथे ‘रोमिओ-ज्युलिएट’ म्हणतात. गोव्यातही पेरूच आला. कोंकणीत पेरूला ‘पेर’ म्हणतात आणि त्याची वडी ती ‘पेराद’. पेरूचा गर बिया काढून साखरेसह कडा सोडेपर्यंत आटवायचा, थोडा लिंबाचा रस पिळायचा, तूप किंवा लोणी लावलेल्या ताटात थापायचा आणि शंकरपाळ्यासारखे काप करायचे. नाताळात शेजारीपाजारी जे ‘कुसवार’ वाटतात, त्या ताटात दोदोल आणि नेवऱ्यांच्या शेजारी ही लाल वडी असते. पेरू पांढऱ्या गराचा असेल तर बरेचजण रंग टाकतात. बिहीला त्याची गरज कधीच नव्हती.