काहीच चालू नसताना लॅपटॉप का तापतो? थोडा मागचा इतिहास

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि जेल रोडवरच्या दुरुस्तीच्या काउंटरवर लॅपटॉप यायला लागतात. तक्रार एकच, "कुछ नहीं चल रहा, फिर भी गरम." उत्तरही ठरलेलं असतं, "सर्विस करवा लो, पेस्ट बदल देंगे." टिळकनगरातले मराठी काका असोत की राजेंद्रनगरातली इंजिनिअरिंगची पोरगी, दोघंही पैसे मोजून लॅपटॉप घरी आणतात. चार-आठ दिवस बरे जातात आणि पंखा पुन्हा घोंघावू लागतो.

पेस्ट (चिपची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे नेणारा लेप) आणि धूळ यांचा दोष असतोच, पण तो मुख्यतः कामाच्या वेळी उघडा पडतो. व्हिडिओ एडिटिंग चालू आहे, प्रोसेसर तीस-चाळीस वॉट खातोय आणि ती उष्णता बाहेर जायला वाट नाही, अशा वेळी. रिकामा बसलेला आजचा लॅपटॉप-प्रोसेसर जेमतेम काही वॉट घेतो. एवढी उष्णता धुळीने निम्म्या बुजलेल्या जाळीतूनही बाहेर पडते. म्हणून काही न करता लॅपटॉप तापत असेल, तर बहुतेक वेळा तो काहीतरी करत असतो, फक्त आपल्याला दिसत नाही. ही भानगड समजायला थोडं मागे जावं लागतं, कारण स्वस्थ बसणं ही कॉम्प्युटरची मूळ सवयच नाही. ती त्याला नंतर लावावी लागली.

प्रोसेसरला "थांब" म्हणणारी एचएलटी ही सूचना इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ मध्येही होती, पण ती वापरायची कुणाला गरज वाटत नव्हती. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात कॉम्प्युटर तुमच्या पुढच्या बटणाची वाट बघायचा तीही पूर्ण वेगाने गोल गोल फिरत. विजेची चिंता नव्हती, कारण चिपच फार खात नव्हती. इंटेलचे बरेचसे ४८६ प्रोसेसर तर पंख्याशिवाय चालायचे. १९९३ साली आलेला ६० मेगाहर्ट्झचा पेंटियम पाच व्होल्टवर चालायचा आणि सुमारे १५ वॉट घ्यायचा. तिथून चिपच्या डोक्यावर पंखा बसला तो कायमचा.

दरम्यान बॅटरीवरचे लॅपटॉप रुळले होते. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम ही वीज वाचवायची पद्धत आणली. त्यात विजेचा हिशोब मुख्यतः बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या हातात होता, आणि बायोसला वर कोणता प्रोग्राम चालू आहे याचा पत्ता नसायचा. विंडोज एनटी रिकाम्या वेळात एचएलटी वापरायची, विंडोज ९५ मात्र नाही. त्यामुळे ९५ वाल्यांमध्ये 'रेन', 'सीपीयूआयडल' अशा छोट्या प्रोग्रामांची चलती झाली. त्यांचं काम एकच, काम नसताना प्रोसेसरला थांबवणं. तेवढ्यानेही तापमान चांगलंच खाली यायचं.

खरी व्यवस्था बसली ती डिसेंबर १९९६ मध्ये. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक काढलं आणि विजेचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवला. प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या ठरल्या. सी-शून्य म्हणजे जागा, सी-एक म्हणजे डुलकी, आणि आकडा वाढेल तशी झोप गाढ. गाढ झोपेत वीज कमी लागते, पण उठायला वेळ जास्त लागतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

जानेवारी २००० मध्ये प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारं इंटेलचं स्पीडस्टेप आलं. ६५० मेगाहर्ट्झचा मोबाइल पेंटियम थ्री बॅटरीवर ५०० वर उतरायचा आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ व्हायचं. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो, म्हणून वेगापेक्षा ही व्होल्टेजची घट जास्त कामाची होती.

मग २००४ मध्ये फासे उलटे पडले. तोवर ट्रान्झिस्टर लहान केला की त्याच्या वाट्याची वीजही कमी व्हायची. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हा हिशोब मांडला होता आणि तीस वर्षं तो जमला. ९० नॅनोमीटरच्या प्रेस्कॉट पेंटियम ४ मध्ये मात्र काम नसतानाही ट्रान्झिस्टरमधून झिरपणारी वीज इतकी वाढली, की ती चिप स्वस्थ बसूनही तापायची. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंटेलने तिची पुढची पिढी, टेजस, रद्द केली. चिपचं घड्याळ (तिला ताल देणारे ठोके) थांबवून भागत नाही, पुरवठाच तोडावा लागतो, हे तेव्हा पक्कं झालं. इंटेलच्या २००८ च्या नेहालेम प्रोसेसरमध्ये रिकाम्या कोअरची (चिपमधल्या एकेका गणनयंत्राची) वीज पूर्ण बंद करणारं गेट आलं.

इथपर्यंत हार्डवेअरने आपलं काम चोख केलं. मग दोष सॉफ्टवेअरकडे आला, आणि माझ्या मते आजही तिथेच आहे.

गाढ झोपेचा फायदा मिळायला ती सलग मिळावी लागते. जुन्या पद्धतीत ऑपरेटिंग सिस्टिम ठरावीक ठोक्याला प्रोसेसरला उठवायची, काम असो वा नसो. विंडोजचा नेहमीचा ठोका १५.६ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा. पण कुठलाही प्रोग्राम तो एक मिलिसेकंदावर आणू शकायचा, आणि मग सगळ्या मशीनलाच सेकंदाला हजार हाका. क्रोम ब्राउझरची ही खोड २०१४ मध्ये चव्हाट्यावर आली. एकाची मागणी सर्वांवर लादणं विंडोजने २०२० मध्ये बंद केलं. लिनक्सने २००७ मध्येच रिकाम्या वेळचा ठोका काढून टाकला होता. त्याच वर्षी इंटेलने लिनक्ससाठी पॉवरटॉप हा तपासणीचा प्रोग्राम आणला. झोपमोड कोण करतंय याची नावानिशी यादी पहिल्यांदाच समोर आली, आणि काही चांगल्या-चांगल्या प्रोग्रामांची अब्रू गेली.

२००८ पासूनच्या टर्बोमुळे, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवण्याच्या सोयीमुळे, आणखी एक सवय लागली. मागे बारीकसं काम निघालं तरी चिप क्षणभर सगळ्यात वरच्या वेगावर उडी मारते. विंडोज अपडेट, फाइलींची सूची बनवणं, अँटिव्हायरस यांना आपण माउस सोडल्यावरच कामाला लागायला शिकवलेलं असतं. त्यात २०१७ ते २०१९ च्या दरम्यान कॉइनहाइव्हसारख्या स्क्रिप्टने वेबपानांतून परस्पर क्रिप्टो खणलं, म्हणजे आपला प्रोसेसर राबवून डिजिटल चलन कमावलं. असे काही छुपे खाणकाम करणारे प्रोग्राम टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडताच चूप बसतात. तुम्ही बघता तेव्हा आकडा दोन टक्के, खिडकी बंद केली की पंखा पुन्हा सुरू. आणि बरं का, त्याच यादीत 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९७ टक्के दिसली तर घाबरून ती बंद करायला जाऊ नका. ते रिकामेपणाचंच माप आहे.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपची तऱ्हा निराळी. एनव्हिडियाच्या ऑप्टिमसमुळे २०१० पासून मोठी चिप गरज नसताना पूर्ण बंद राहते. पण अनेक मॉडेलांत बाहेरच्या मॉनिटरचं सॉकेट तिलाच जोडलेलं असतं. मॉनिटर लावला की ती जागी, मग स्क्रीनवर नुसतं वॉलपेपर का असेना.

झाकण बंद करून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम निघतो त्याचं मूळ २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आहे. मोबाइलसारखं लगेच उठावं, झोपेतही मेल यावी म्हणून जुनी एस-थ्री झोप (फक्त मेमरी जागी, बाकी सगळं बंद) बाजूला सारली गेली. नव्या बऱ्याच मॉडेलांत ती उरलेलीच नाही. अशांना बॅगेत घालण्याआधी हायबरनेट करणं (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद करणं) बरं.

आता इंदूरच्या उन्हाचं. पंखा फक्त खोलीतली हवा फिरवतो, त्यामुळे हवा २५ ऐवजी ४० अंशांची असली की चिपही साधारण तेवढीच, पंधराएक अंशांनी वर चढते. हे बिघाडाचं लक्षण नव्हे. पण माळव्यातल्या रात्रींचं 'शब-ए-मालवा' म्हणून कौतुक आहे, त्याचा इथे उपयोग करून घ्यावा. हवा गार झाल्यावर सगळं बंद करून लॅपटॉप तासभर ठेवावा. तरीही तापला तर ऋतू सुटला. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडून 'पॉवरसीएफजी'ची 'एनर्जी' तपासणी (powercfg /energy) चालवावी. विंडोज ७ पासून ती आहे, साठ सेकंद निरीक्षण करते आणि ठोका कोणी वाढवलाय, कोण झोपू देत नाही हे अहवालात लिहून देते. अहवाल स्वच्छ आला, प्रोसेसरचा वापर एक-दोन टक्के, आणि तरी बूड भाजतंय, तर मात्र पंखा फिरतोय का ते बघा आणि जेल रोड गाठा. मागचं झाकण काढल्यावर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध धुळीचा करडा नमदा बसलेला असतो, तो आपल्यासमोर काढून घ्यायला सांगा. बाहेरून ब्लोअर मारला तर तो तिथेच राहतो.