हा नेता कोणत्या पक्षाचा? आधी तारीख सांगा

नाव टाकलं की पक्ष सांगणारं सॉफ्टवेअर. ऐकायला किती सोपं! एका रकान्यात लोकप्रतिनिधीचं नाव, शेजारच्या रकान्यात पक्ष, झालं काम. एका संध्याकाळी लिहून होईल असं वाटतं. मग त्यात जेम्स जेफर्ड्स हे नाव टाकायचं.

जेफर्ड्स हे व्हरमाँटचे अमेरिकी सिनेटर. २००१ साल उजाडलं तेव्हा ते रिपब्लिकन होते. २४ मे रोजी त्यांनी पक्ष सोडत असल्याचं जाहीर केलं, पण तो निर्णय अमलात आला ६ जूनला. सिनेट, म्हणजे अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह, तेव्हा ५०-५० अशी दुभंगलेली होती आणि रिपब्लिकनांचं बहुमत उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या निर्णायक मतावर टेकलेलं होतं. हा एक माणूस बाहेर पडला आणि सभागृहाचा ताबा डेमोक्रॅटांकडे गेला. आता सांगा, ३० मे २००१ला जेफर्ड्स कोणत्या पक्षात होते? बातम्यांच्या हिशेबाने पक्ष सोडलेले, सभागृहाच्या हिशेबाने रिपब्लिकन. आणि शेजारच्या रकान्यात जागा मात्र एकाच शब्दाची.

म्हणून जाणते लोक पक्ष हा माणसाला चिकटवतच नाहीत, तो कालखंडाला चिकटवतात. गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळावर अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांची १७८९पासूनची माहिती खुली ठेवलेली आहे. तिच्यात प्रत्येक माणसाखाली त्याच्या कार्यकाळांची यादी असते, आणि प्रत्येक कार्यकाळाला सुरुवात, शेवट, राज्य व पक्ष. कार्यकाळाच्या मध्येच कुणी पक्ष बदलला, तर त्या कार्यकाळाच्या पोटात तारखांनिशी आणखी एक छोटी यादी. सॉफ्टवेअरने मग आधी माणूस शोधायचा, नंतर दिलेली तारीख कोणत्या खणात पडते ते पाहायचं.

माणूस शोधणं हीसुद्धा कटकटच. २००३ ते २०१५ या काळात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात माइक रॉजर्स नावाचे दोन सदस्य होते, एक अलाबामाचे, दुसरे मिशिगनचे. दोघेही रिपब्लिकन! म्हणजे नाव जुळलं, पक्ष जुळला, सभागृह जुळलं, वर्षंही जुळली. माणूस मात्र वेगळा. यावर उपाय एकच, प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्यायचा. सिनेटर बर्नी सँडर्स यांचा क्रमांक आहे एस आणि पुढे ००००३३ असे सहा आकडे. नाव, पक्ष, मतदारसंघ काहीही बदलो, हा क्रमांक हलत नाही.

पण शोधणारा क्रमांक थोडाच टाकतो? तो नाव टाकतो, तेही चुकीच्या स्पेलिंगने. इथे व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलेलं अंतर कामी येतं. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढं त्या दोन शब्दांतलं अंतर. एखादं अक्षर गळलं तर अंतर १, म्हणजे बहुधा टंकनाची चूक. छान युक्ती आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. सँडर्स यांचं मूळ नाव बर्नार्ड. रोमन स्पेलिंग घेतलं तर ‘बर्नार्ड’पासून ‘बर्नी’ तीन पावलांवर येतं आणि ‘जेरार्ड’ अवघ्या दोन! गणिताला परका माणूस जवळचा वाटतो. टोपणनावं शेवटी हातानेच भरावी लागतात.

सँडर्स आलेच आहेत तर पक्षाच्या रकान्याची दुसरी गंमतही पाहून घेऊ. ते अपक्ष, पण सिनेटमध्ये बसतात डेमोक्रॅटांच्या गटात. जानेवारी २०२१च्या अखेरीस सिनेटमध्ये ५० रिपब्लिकन, ४८ डेमोक्रॅट आणि २ अपक्ष होते. आपल्या सॉफ्टवेअरने नुसता पक्ष मोजला तर रिपब्लिकन पुढे दिसतील. प्रत्यक्षात दोन्ही अपक्ष डेमोक्रॅटांसोबत होते, उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत वर होतं, आणि सभागृह डेमोक्रॅटांच्या ताब्यात होतं. मोजणी बरोबर, उत्तर चूक. म्हणूनच त्या खुल्या फायलींमध्ये ‘पक्ष’ आणि ‘गट’ अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवतात. माझ्या मते या सगळ्या रचनेतला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

जुन्या नोंदींकडे गेलं की शब्दच दगा देतात. १७८९च्या पहिल्या काँग्रेसमध्ये आजच्यासारखे पक्ष नव्हतेच; तिथे ‘प्रशासनसमर्थक’ आणि ‘प्रशासनविरोधी’ अशी लेबलं दिसतात, आणि तीही इतिहासकारांनी मागाहून लावलेली.

उरला तो सांध्याचा दिवस. जेफर्ड्स यांचा ६ जून जुन्या खणात धरायचा की नव्या? प्रोग्रॅमरांची रूढ पद्धत अशी की सुरुवातीचा दिवस धरायचा, शेवटचा सोडायचा. त्यामुळे खण एकमेकांवर चढत नाहीत आणि मध्ये फटही राहत नाही. मात्र राजकारण दिवसांच्या मापाने चालेलच असं नाही. ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग ज्यांच्यामुळे रूढ झाला, त्या हरियाणाच्या गया लाल यांनी १९६७मध्ये पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यातला एक बदल तर काही तासांतला. अमेरिकेत तर घटनेनेच दिवसाचे दोन तुकडे केले आहेत. १९३३च्या विसाव्या घटनादुरुस्तीनुसार काँग्रेस सदस्यांची मुदत ३ जानेवारीला दुपारी बारा वाजता संपते आणि त्याच ठोक्याला नव्यांची सुरू होते. फायलीत दोघांच्याही पुढे तारीख ३ जानेवारीच. त्या दिवशी ती जागा कुणाची आणि कोणत्या पक्षाची, याचं उत्तर द्यायचं तर सॉफ्टवेअरला उलट विचारावं लागेल: बाराच्या आधी की नंतर?