बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार

ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरवायची, यावर जगभर प्रवचनं होतात. महाराष्ट्रात या प्रश्नाची सुरुवात मात्र प्रवचनातून झाली नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला तो दुसऱ्याच दिवशी पडला, आणि अगदी साध्या रूपात पडला: आता पाणी कुठून भरायचं? जेवायला कोणाच्या पंक्तीला बसायचं? गेली दोनशे वर्षं मराठी ख्रिस्ती समाज या प्रश्नांची उत्तरं शोधतो आहे. नगर, केडगाव, वसई, जामखेड ही नावं त्या शोधात वारंवार का येतात, ते समजायचं तर थोडं मागे जायला हवं.

मराठीत ख्रिस्ताची गोष्ट त्याहूनही जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते 1616 साली छापलं गेलं. पण घरदार, जात, विहीर, वारसाहक्क यांना धक्का देणारा टप्पा सुरू झाला तो अमेरिकन मराठी मिशनपासून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, आणि 1831 मध्ये मिशनने अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं दिलं. हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक या ब्राह्मण तरुणांनी तिथे 1839 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहर ढवळून निघालं. अशा माणसाला घराचा उंबरा बंद व्हायचा. बायकोला माहेरचे ठेवून घ्यायचे, वडिलोपार्जित हिश्श्यावर पाणी सोडावं लागायचं. धर्म बदलला म्हणून वारसा बुडू नये असा कायदा सरकारने 1850 मध्ये केला. हिस्सा कायद्याने मिळू लागला, पण शेजाऱ्याच्या माजघरात जायची वाट कायद्याने उघडत नव्हती.

मिशनने यावर काढलेला तोडगा म्हणजे कंपाउंड. एका आवारात बंगला, चर्च, शाळा, बोर्डिंग, कामगारांच्या खोल्या. घराबाहेर काढलेल्याला तिथे छप्पर मिळालं, पोरांना अक्षर मिळालं, शाळेत किंवा छापखान्यात काम मिळालं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. त्या काळी दुसरा आसरा नव्हता. तरी माझ्या मते मराठी ख्रिस्ती जीवनातली मोठी अडचणही तिथेच तयार झाली. नोकरी देणारा मिशनरी, पगार देणारा तोच आणि पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, तोही त्याच्याच शब्दातला, असं झालं की श्रद्धा कुठे संपते आणि चाकरी कुठे सुरू होते, हे स्वतः त्या माणसालाही सांगता येत नाही. बाहेरच्या लोकांनी तर कधीच उत्तर ठरवून टाकलं होतं.

1876 ते 78 च्या दुष्काळानंतर चित्र बदललं. नगर जिल्ह्यात गावोगावची महार कुटुंबं, काही मांग कुटुंबंही, ख्रिस्ती झाली. ही माणसं कंपाउंडात राहायला गेली नाहीत. ती महारवाड्यातच राहिली, त्याच गावकीत, त्याच पाटलाच्या शेतावर. गावाची विहीर त्यांना आधी बंद होती, ती नंतरही बंदच राहिली. बदललं ते वाड्यातलं जगणं. मिशनचा मास्तर तिथे यायचा. तोच आठवडाभर पोरांना बाराखडी शिकवायचा आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायचा. मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं, दारू सोडायची, नवस करायचा नाही, रविवार पाळायचा, अशी शिस्त आली. शेवटची अट सगळ्यांत अवघड. रविवारी कामाला न येणाऱ्या मजुराला सोमवारी काम मिळेलच असं नव्हतं.

या खेड्यांतल्या मंडळ्यांनी, म्हणजे एका चर्चभोवती जमलेल्या ख्रिस्ती समाजांनी, आपल्या चालीरीती हळूहळू स्वतः घडवल्या. कापणीचा सण हे त्याचं चांगलं उदाहरण. सुगीनंतरच्या एका रविवारी लोक बाजरी, ज्वारी, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असं जे घरात असेल ते चर्चमध्ये आणतात. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पटीने जातो, घेणारा तो परत अर्पण करतो आणि पुन्हा बोली लागते. आरडाओरडा, थट्टा, मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना चढ्या बोलीसाठी भरीला घालणं, सगळं चालतं. पैसा मंडळीच्या कामाला जातो. ज्याच्याकडे नोटा नाहीत त्यालाही देणारा होता येतं, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

भजन-कीर्तनही असंच आलं. सुरुवातीला इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली मराठी गीतं गायली जात, आणि ती गाताना खेड्यातल्या माणसाची जीभ अडखळे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं: वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग, आणि आख्यान येशूच्या चरित्राचं. पण श्रद्धा मराठी घरात खऱ्या अर्थाने मुक्कामाला आली ती नारायण वामन टिळकांमुळे. (लोकमान्य वेगळे, हा घोटाळा अजूनही होतो.)

टिळक कोकणातले, चित्पावन, 1861 चा जन्म. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं ते उघडपणे सांगत. आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदं आहेत. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजी जे पद पाठ म्हणते, ते पुष्कळदा टिळकांचंच असतं, तिला कवीचं नाव ठाऊक असो वा नसो.

या कथेतलं खरं बारकाईने पाहण्यासारखं माणूस मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या, मग मुलाला घेऊन नगरला आल्या, पण धर्म बदलून नव्हे. नवरा ख्रिस्ती आणि बायकोचं सोवळं शाबूत: वेगळी चूल, वेगळं पाणी, वेगळी भांडी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि त्यांच्या तापट स्वभावाकडे पाहता हा संयम लहान नव्हता. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनानेच घेतलं की जाती माणसाने केलेल्या आहेत, देवाने नाहीत. त्यांनी कोणाच्याही हातचं पाणी प्यायला, अन्न खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी स्वयंपाकघर बदललं, मग धर्म. त्यांच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत हे सगळं त्यांनी इतक्या मिश्किलपणे सांगितलं आहे की वाचताना त्यामागची उलघाल विसरायला होते.

टिळकांचं मात्र कंपाउंडशी पुरतं कधी जमलं नाही. 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, 1912 पासून ते ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग सांभाळू लागले (मिशनचं हे नियतकालिक 1842 पासून चालू होतं), तरी परक्या पैशावर उभी असलेली मंडळी त्यांना सलत राहिली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताचा शिष्य असणं पुरे. मिशनऱ्यांना हे पचणं कठीण होतं. दरबार रुजायला वेळच मिळाला नाही, कारण 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. धागा मात्र तुटला नाही. टिळकांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी, जमिनीवर बैठक, शाकाहारी जेवण अशी ती आश्रमाची राहणी. त्याच संघात 1927 मध्ये पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले व्हेरियर एल्विन आले आणि पुढे आदिवासींमध्ये निघून गेले.

पंडिता रमाबाईंचा पेच निराळा होता. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांशी त्यांचे खटके उडतच राहिले. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारणारी ही बाई. शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा तिथे धर्मप्रचार होणार नाही हे ठरलेलं होतं, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत. दार लावून घेत नसत. काही विधवा मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये यावरून काहूर माजलं, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

त्या उघड्या दारावरून पुण्यात दोन तट पडले, आणि मला दोन्ही बाजूंचं म्हणणं कळतं. विश्वासाने मुली पाठवलेल्या घरांना फसवणूक वाटली. पण स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना दार लावूनच करायची, ही अट रमाबाई मानणं शक्यच नव्हतं.

पुढे उत्तर मिळालं ते केडगावला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि रस्त्यावर पडलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या सुमारास, तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पोटाला घालायचं तर नुसती प्रार्थना चालणार नव्हती. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, गाई पाळल्या, तेलाचा घाणा घातला. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन निघालं, तिथे रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवी. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन. मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी साध्या मराठीत बायबल आणलं. त्याचे छपाईचे खिळे जुळवले, कागद छापले ते या मुलींनीच. कालपर्यंत ज्यांना घरात तोंड दाखवायची चोरी होती, त्या बायका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. रमाबाई 1922 मध्ये वारल्या, ते बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

वसईच्या कॅथलिकांची वाट पुन्हा वेगळी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात ते ख्रिस्ती झाले आणि 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावरही ख्रिस्तीच राहिले. त्यांना गाव सोडावं लागलं नव्हतं. वाडी, केळी, फुलं, विहीर सगळं जागेवर होतं. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेची कसोटी जमिनीवरच लागली. शहर अंगावर येऊ लागलं, विहिरी टँकरवाल्यांनी उपसायला सुरुवात केली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभारली आणि धमक्यांना भीक घातली नाही. धर्मगुरूने पाण्यासाठी मोर्चा काढावा का, असं विचारणारे तेव्हा चर्चमध्येही होते. हेच दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पाण्याचा प्रश्न सर्वांत चलाखीने सोडवला तो जामखेडमध्ये. डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातल्या राहुरीचे. वेल्लोरच्या मिशन मेडिकल कॉलेजात त्यांची आणि मेबल यांची गाठ पडली. लग्न करतानाच दोघांनी खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं ठरवलं होतं. आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढली. तिथे ध्यानात आलं की बरा होऊन गेलेला रोगी काही महिन्यांनी त्याच दुखण्याने परत येतो. 1970 मध्ये ते जामखेडला आले आणि दवाखान्याच्या आवाराबाहेरच्या गावांना त्यांनी कामाचा केंद्रबिंदू केलं. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिथे यावं लागे. कोणाला उपदेश नाही, कसलं भाषण नाही. सुरुवातीला हजारी 176 असलेला बालमृत्यूदर तीसेक वर्षांत तिशीच्या खाली आला. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार या जोडप्याला मिळाला.

1970 च्याच नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि जुन्या मिशनच्या बहुतेक मंडळ्या त्यात सामील झाल्या. परदेशी पैसा आटत गेला, कंपाउंडांच्या जागांवरून कोर्टकज्जे सुरू झाले. त्यात शिरायला ही जागा पुरायची नाही.

खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबासमोर आज उभा असलेला पेच कागदाचा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. ख्रिस्ती झाल्याने अस्पृश्यता गेली, असं त्यामागचं गृहीतक. नगर जिल्ह्यातल्या वस्त्यांवर ते कोणी मानणार नाही. म्हणून अनेक घरांत मंडळीच्या बाप्तिस्मा-वहीत एक ओळख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. पाळकांना हे ठाऊक असतं, ते विचारत नाहीत. पोराच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना धर्माच्या रकान्याशी बाप थबकतो, तेव्हा त्याला ढोंगी म्हणणाऱ्याने आधी गावच्या विहिरीचा इतिहास वाचावा. धर्मांतरित दलितांना हा दर्जा द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.