आजा काँगच्या वजनाचे भौतिकशास्त्र

२६ मार्च १९९५ रोजी योकोहामा अरेनामध्ये मनामी तोयोताने आजा काँगला हरवले आणि ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग या संस्थेचा सर्वोच्च किताब जिंकला. आजाने तो २६ नोव्हेंबर १९९२ रोजी बुल नाकानोकडून मिळवला होता आणि दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे राखला होता. दोघींच्या उंचीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो वजनाचा: आजा शंभर किलोंच्या घरातली, तर तोयोता तिच्यापेक्षा सुमारे तीस किलोंनी हलकी. व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता सर्वज्ञात आहे. पण रिंगमध्ये एकमेकींवर आदळणाऱ्या शरीरांचे वस्तुमान कोणी ठरवून बदलू शकत नाही. म्हणूनच या लढतींकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहणे मला मोलाचे वाटते.

प्रथम टक्कर पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी एकीचे वजन १०० किलो आणि दुसरीचे ७० किलो धरू. जड कुस्तीगीर सेकंदाला ३ मीटर वेगाने धावत आली, उभ्या असलेल्या हलकीवर आदळली आणि क्षणभर दोघी एकत्रच पुढे सरकल्या, तर संवेगाच्या अक्षय्यतेनुसार त्यांचा सामाईक वेग सेकंदाला सुमारे १.७६ मीटर होईल. म्हणजे हलकीच्या वेगात १.७६ मीटरचा बदल झाला आणि जड बाईच्या वेगात केवळ १.२४ मीटरचा. आता उलट करू. हलकी तितक्याच वेगाने धावत आली आणि जड जागच्या जागी उभी राहिली, तर सामाईक वेग १.२४ मीटर येतो. जड बाईच्या वेगातला बदल १.२४ आणि हलकीच्या वेगातला पुन्हा १.७६. हल्ला कोणीही केला तरी शरीराला बसणारा हिसका हलकीच्याच वाट्याला अधिक येतो. त्यात उभ्या असलेल्या बाईचे पाय चटईवर रोवलेले असतात आणि घर्षणबल वजनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रत्यक्षात जड बाई या आकड्यांपेक्षाही कमी हलते. तोयोता धावत येऊन धडकते आणि आजा जागची ढळत नाही, या दृश्यात अभिनयाचा वाटा असेलच, पण त्याचा पाया खरा आहे.

या असमतोलावर हलक्या कुस्तीगिरांनी काढलेला मार्ग म्हणजे उंची. वरच्या दोरावरून उडी घेतली की पायांच्या स्नायूंना जो वेग निर्माण करता आला नसता, तो गुरुत्वाकर्षण देते. दीड मीटर खाली येताना वेग सेकंदाला ५.४ मीटरपर्यंत पोहोचतो, आणि तो वजनावर मुळीच अवलंबून नसतो. शिवाय उडी मारून दिलेली लाथ छातीवर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या वर बसते. समोरच्या बाईला ढकलत न्यावे लागत नाही, पायांच्या टोकाभोवती फिरवून पाडले तरी पुरते, आणि या बलघूर्णासाठी, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामासाठी, जितक्या उंचावर मारा होईल तितका तो उपयोगी ठरतो. तोयोताच्या खेळात दोरावरून घेतलेल्या उड्यांना इतके स्थान होते, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच हा हिशेबही आहे, असे माझे मत आहे.

आजाला उचलून मागे फेकणे मात्र वेगळ्या प्रकारचे काम होते. शंभर किलोंचे शरीर उचलायचे तर सुमारे ९८० न्यूटनपेक्षा अधिक बल लागते. मागून कंबरेला मिठी घालणारी कुस्तीगीर आधी गुडघे वाकवून आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या गुरुत्वमध्याखाली नेते, मग पाय आणि कंबर ताठ करते. दोघींचा मिळून होणारा गुरुत्वमध्य टाचांच्या मागे गेला की उरलेले काम गुरुत्वाकर्षण करते. सगळी मेहनत पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये असते, आणि तिथेच उचलली जाणारी बाई किंचित उडी मारून साथ देते. ही साथ म्हणजे फसवणूक नव्हे; तिच्यावाचून दोघींच्याही मानेला धोका संभवतो.

जड शरीरालाही किंमत मोजावी लागते. प्रमाण तेच ठेवून शरीर मोठे केले, तर वस्तुमान घनाच्या प्रमाणात आणि हाडांचा व स्नायूंचा काटछेद वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७० किलोंवरून १०० किलोंवर जाताना वस्तुमान ४३ टक्क्यांनी वाढते, काटछेद मात्र सुमारे २७ टक्क्यांनीच. म्हणून हाडांवरचा भार दर चौरस सेंटिमीटरला साधारण १३ टक्क्यांनी वाढतो. दीड मीटरवरून पडताना ७० किलोंच्या शरीराला सुमारे १०३० ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, १०० किलोंच्या शरीराला १४७०. प्रत्येक वेळी पडून पुन्हा उठणे म्हणूनच जड कुस्तीगिराला अधिक दमवते. त्वचेचे क्षेत्रफळही वजनाच्या मानाने कमी पडते, त्यामुळे लांबलेल्या लढतीत अंगातील उष्णता बाहेर टाकणे तिला कठीण जाते.

आजाचा ठेवणीतला डाव, म्हणजे गिरकी घेऊन हाताच्या मागच्या बाजूने मारलेला उराकेन, या अडचणीवरचे चांगले उत्तर होते. त्यात तिला उडायचे नव्हते आणि पडायचेही नव्हते. धडाच्या मोठ्या वस्तुमानात साठलेली फिरती गती हाताच्या टोकाला पोहोचे, आणि टोकाचा वेग हाताच्या लांबीच्या प्रमाणात वाढलेला असे. ती वापरत असे तो अठरा लिटरचा पत्र्याचा डबा त्या मानाने सौम्य म्हणावा लागेल, कारण आघाताच्या ऊर्जेचा मोठा भाग पत्रा चेपण्यात आणि आवाजात खर्च होतो. अर्थात डब्याची कड लागली, तर ही सवलत राहत नाही.

तोयोता नोव्हेंबर २०१७ मध्ये निवृत्त झाली. आजा काँग वयाची पन्नाशी ओलांडल्यावरही रिंगमध्ये उतरत राहिली. दोन व्यक्तींवरून नियम सिद्ध होत नाही, आणि दुखापतींना वजनाखेरीज कितीतरी कारणे असतात. तरीही टकरीमागून टक्कर १.७६ आणि १.२४ यांतला फरक कोणाच्या मानेत आणि खांद्यांत साठत गेला असेल, हे त्या जुन्या लढती पाहताना मला विसरता येत नाही.