पिठल्यातल्या गुठळ्या आणि नायलॉनमधली माती

बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं की काय होतं ते पिठलं करणाऱ्या सगळ्यांना माहितीय, गुठळ्या, आणि गुठळी फोडली की आत कोरडं पीठ. प्लास्टिक मजबूत व्हावं म्हणून त्यात नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळणाऱ्यांची कटकट हीच, फक्त त्यांच्या गुठळ्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि घोटून घोटून फोडल्या तरी परत होतात.

कारण कण जेवढा बारीक तेवढा वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त. फ्यूम्ड सिलिका, म्हणजे वाळूतल्याच सिलिकाची अतिबारीक पावडर, एक ग्रॅम घेतली तर सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग २०० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे तीन टूबीएचकेंचा कार्पेट एरिया समजा, आणि एवढे कण एकमेकांच्या इतके जवळ आले की व्हॅन डर वाल्स बलामुळे, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधल्या ओढीमुळे, चिकटतातच. बरं चिकटले तर चिकटले, पण गुठळी राहिली की ताण तिथेच साठतो आणि तडा तिथूनच जातो, त्यापेक्षा साधं प्लास्टिक परवडलं.

१९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये चक्क माती घातली, मॉन्टमोरिलोनाइट नावाची. हिचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाड, वहीच्या पानांसारखे एकावर एक. त्यांनी जोरात ढवळत बसण्याऐवजी पापुद्र्यांमधले सोडियम आयन काढून तिथे नायलॉनशी जमवून घेणारा एक सेंद्रिय रेणू बसवला, मग नायलॉनचा कच्चा माल, कॅप्रोलॅक्टम, आपसूक आत शिरला आणि नायलॉन तिथेच बनवलं, त्या वाढत्या साखळ्यांनीच पानं सुटी केली. माती फक्त ४-५ टक्के, पण वजनाखाली नायलॉन वाकायचं तापमान ६५ वरून १४५ अंशांच्या आसपास गेलं! मग ते गाडीच्या टायमिंग बेल्टच्या कव्हरला वापरलं.

कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, प्रकरण अजून किचकट, त्या लांब असतात म्हणून शेवयांसारख्या गुंततात. द्रवात घालून अल्ट्रासॉनिक प्रोबने, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवणाऱ्या दांडीने, सोडवता येतात, बीकर बर्फात ठेवून, नाहीतर मिश्रण तापतं, पण हावरटपणे जास्त वेळ चालवलं तर ट्यूबच तुटून आखूड होतात. आणि नुसतं पाणी घेतलं असेल तर आत्ता शाईसारखं काळंभोर दिसणारं द्रव थोड्या वेळाने बघा, वर नितळ, खाली काळा गाळ. म्हणून साबणासारखं काहीतरी घालावंच लागतं.

कुणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा सुंदर फोटो दाखवून ‘बघा किती छान पसरलेत’ म्हणालं, तर मी आधी कमी झूमचा फोटो मागतो, कारण चांगला कोपरा कुठल्याही नमुन्यात सापडतो.