पोर्टलवर दिसणारा नकाशा आणि खुला भू-डेटा

शासनाकडची भौगोलिक माहिती नागरिकांना विनामूल्य मिळाली पाहिजे, अशी मागणी केली की बहुतेक वेळा ‘ती तर केव्हाच पोर्टलवर टाकली आहे’ असे उत्तर येते. हे उत्तर खोटे नसते. महाभूनकाशावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून गट क्रमांक टाकला की शेताची आकृती समोर येते. इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेल्या भुवनवर उपग्रहाने टिपलेला आपला परिसर घरबसल्या पाहता येतो. तरीही मागणी करणाऱ्याचे काम अडलेलेच राहते, कारण त्याने मागितलेली वस्तू आणि त्याला दाखवलेली वस्तू वेगवेगळ्या असतात. एक असतो पाहण्यापुरता नकाशा आणि दुसरा असतो खुला भू-डेटा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हींसाठी पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून ही गल्लत सहज होते. आणि ती दूर झाल्याशिवाय मागणी नीट मांडताच येत नाही.

पाहण्यापुरता नकाशा हे एक तयार चित्र असते. त्यात कोणते थर (रस्ते, ओढे, सीमा असे माहितीचे वेगवेगळे गट) दाखवायचे, किती जवळून पाहू द्यायचे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, हे पोर्टल बांधणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ज्या आकड्यांवरून ते चित्र काढले, ते मूळ आकडे म्हणजे भू-डेटा: सीमारेषेच्या प्रत्येक वळणाचे अक्षांश-रेखांश, त्या आकृतीला जोडलेली नावे व सांकेतांक, आणि मोजणी कधी व कोणत्या पद्धतीने झाली याची नोंद. हे सारे शेपफाइल किंवा जिओजेसनसारख्या संगणकाला थेट वाचता येणाऱ्या स्वरूपात, संपूर्ण क्षेत्रासाठी एकत्र, आणि कोणत्याही कायदेशीर कामासाठी वापरण्याची, बदलण्याची व पुढे देण्याची लेखी मुभा देणाऱ्या परवान्यासह मिळाले, तरच तो डेटा खुला झाला असे म्हणता येते.

पूररेषांचे उदाहरण घेतले तर हा फरक किती खोल आहे ते कळते. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात: साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये जे सोसले, त्यानंतर या रेषा कोठून जातात हा प्रश्न नदीकाठच्या प्रत्येक कुटुंबाचा झाला आहे. समजा, पंचगंगेकाठच्या एखाद्या गावातील तरुण अभियंत्याला आपल्या गावातील किती घरे, किती विहिरी आणि कोणती शाळा निळ्या रेषेच्या आत येते याची यादी ग्रामसभेपुढे ठेवायची आहे. त्याच्या हाती स्कॅन केलेल्या नकाशाची पीडीएफ आहे.

त्याला ती पीडीएफ क्यूजीआयएससारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये आणावी लागते. नकाशावरचे ओळखू येणारे बिंदू, म्हणजे पुलाचे टोक, रस्त्यांचा चौक, देवळाचा कोपरा, उपग्रह चित्रावरच्या त्याच ठिकाणांशी जुळवावे लागतात. कागद स्कॅन करताना सुरकुतला असेल तर चारही कोपरे एकदम जुळत नाहीत. मग पूररेषा माउसने बिंदू-बिंदू टिचकी मारत गिरवावी लागते. नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असेल तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची चूक जमिनीवर २५ मीटर होते, आणि सपाट पूरमैदानात २५ मीटर म्हणजे घरांची एक अख्खी ओळ. हे सगळे करून तयार झालेल्या रेषेला कोणतेही अधिकृत मूल्य नसते, आणि तिच्यातली चूक शासनाच्या नकाशातली की गिरवणाऱ्याच्या हातातली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पलीकडच्या गावात कोणी तरी तीच रेषा पुन्हा पहिल्यापासून गिरवीत असतो. त्या रेषेची मूळ फाइल कार्यालयातल्या संगणकात असेल, तर ती दिल्याने या तरुणाचे काम एका संध्याकाळचे होते: रेषेचा थर घरांच्या थरावर ठेवायचा आणि आत येणारी घरे संगणकाला मोजायला सांगायची. पुढे रेषा सुधारली तर हेच काम नव्या फाइलवर काही मिनिटांत पुन्हा करता येते. रेषा पाहून काळजी वाटते, पण तिचा डेटा हाती असेल तर काही तरी करता येते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या मागणीचे प्रयोजन एवढेच आहे.

स्वरूपानंतर येतो परवाना. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार शासनाने केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, शासनच असते. राजपत्रातील मजकूर, न्यायालयांचे निकाल, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल यांच्या पुनर्मुद्रणाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. शासकीय नकाशांना तशी सरसकट सवलत नाही. त्यामुळे पोर्टलवरून उतरवून घेतलेला नकाशा एखाद्या संस्थेने आपल्या अहवालात बदल करून छापला, किंवा एखाद्या छोट्या कंपनीने शेतकऱ्यांसाठीच्या ॲपमध्ये वापरला, तर ते योग्य की अयोग्य हे परवान्याशिवाय ठरत नाही, आणि शंका असली की सावध माणूस वापरच टाळतो. अमेरिकेत संघराज्य सरकारने तयार केलेल्या कृतींना देशांतर्गत प्रताधिकारच नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. आपल्याकडेही उपाय तयार आहे. २०१२ च्या राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण धोरणाखाली प्रसिद्ध होणाऱ्या माहितीसाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये एक मुक्त परवाना अधिसूचित केला असून त्यात स्रोताचा उल्लेख करण्याच्या अटीवर व्यावसायिक वापरालाही मुभा आहे. नकाशाच्या पानावर या परवान्याची एक ओळ टाकण्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पाहण्यापुरता नकाशा आणि खुला डेटा या दोन्हींच्या मधल्या पायरीवर अडकलेल्या गोष्टीही आहेत. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये, म्हणजे आपल्या २५० व्या वर्षी, १:५०,००० प्रमाणाचे टोपोशीट, म्हणजे भूरचनेचे तपशीलवार नकाशे, विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. कोकण किनाऱ्यालगतची शीट्स ज्यांनी अनेक वर्षे ‘निर्बंधित’ या शिक्क्याखाली पाहिली, त्यांना या पावलाचे मोल ठाऊक आहे. पण मिळाली ती पीडीएफ, तीही तेव्हा आधार क्रमांकाची ओळख पटवल्यावर. पुणे शहराचा मोठा भाग ज्यात येतो ते जुन्या क्रमांकाचे ४७ एफ/१४ हे शीट उघडले तर समोच्च रेषा, ओढे, देवळे, पाऊलवाटा सगळे डोळ्यांना दिसते. त्यातल्या फक्त ओढ्यांच्या रेषा वेगळ्या काढून आज त्यांच्यावर काय बांधले गेले आहे ते तपासायचे म्हटले, तर पुन्हा माउस हातात घेऊन गिरवायला बसावे लागते. ज्या नकाशाचा खर्च जनतेच्या करातून झाला, तो घेण्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागावे, हे मला पटत नाही.

याहून अलीकडची एक गल्लत अशी की नकाशे बनवण्यावरचे निर्बंध उठले म्हणजे शासनाचा डेटा खुला झाला, असे मानले जाते. २०१६ मध्ये आलेल्या भू-स्थानिक माहिती नियमन विधेयकाच्या मसुद्यात परवानगीशिवाय अशी माहिती गोळा करणेही गुन्हा ठरणार होते आणि दंडाची कमाल मर्यादा १०० कोटी रुपये होती. देशभर विरोध झाला आणि तो मसुदा पुढे गेला नाही. त्यानंतर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरोबर उलटी दिशा धरली आणि भारतीय व्यक्तींना व संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली. हा बदल मोठा आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र मला माझा नकाशा बनवू देणे आणि शासनाने आधीच बनवलेला नकाशा मला देणे, ही दोन वेगळी पावले आहेत. त्याच सूचनांमध्ये, सार्वजनिक पैशातून तयार झालेली भू-स्थानिक माहिती, सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती वगळता, सर्व भारतीय संस्थांना सहज आणि वापरावरील निर्बंधांविना मिळावी, असेही म्हटले आहे. पहिल्या पावलाची चर्चा पुष्कळ झाली. या दुसऱ्या वाक्याची आठवण करून देण्याचे काम आपले आहे.

केवळ पाहायला मिळणे आणि संपूर्ण हाती मिळणे यांतल्या अंतराचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या इतिहासात आहे. १९७२ पासून पृथ्वीची चित्रे टिपणारी ही मालिका १९८४ च्या कायद्याने खासगी विक्रीकडे वळवण्यात आली आणि एका दृश्याची, म्हणजे उपग्रहाने टिपलेल्या एका चित्राची, किंमत ४,४०० डॉलरपर्यंत चढली. पुढे ती लँडसॅट-७ च्या काळात सुमारे ६०० डॉलरवर आली. या काळातही लहान आकाराची नमुना चित्रे संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येत होती; मोजमाप करण्याजोगा डेटा मात्र विकत घ्यावा लागे. विक्रीच्या सर्वोत्तम वर्षात, २००१ मध्ये, रोज सरासरी ५३ दृश्ये जात होती. २००८ मध्ये संपूर्ण संग्रह विनामूल्य करण्याचा निर्णय झाला आणि काही वर्षांतच हे प्रमाण रोज सुमारे ५,७०० दृश्यांवर गेले. २०१३ मध्ये जगभरातील जंगलांची घट आणि वाढ ३० मीटर तपशिलाने (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाजूचा चौकोन) दाखवणारा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यासाठी साडेसहा लाखांहून अधिक दृश्ये वापरली गेली. जुन्या ६०० डॉलरच्या दराने त्यांची किंमत ३९ कोटी डॉलरच्या घरात गेली असती, आणि कोणत्याही संशोधकाने तो विचारही मनात आणला नसता. यानंतर युरोपने सेंटिनेल उपग्रहांचा डेटा पहिल्यापासूनच खुला ठेवला, आणि भारताच्या २०२३ च्या अंतराळ धोरणातही ५ मीटर व त्याहून ढोबळ तपशिलाचा उपग्रह डेटा सर्वांना विनामूल्य देण्याचे तत्त्व आले आहे.

ब्रिटनमध्ये हीच मागणी लोकचळवळीतून पुढे आली. तेथील ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे नकाशे अत्यंत दर्जेदार, पण महाग आणि कडक परवान्याचे. त्याला पर्याय म्हणून २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा जन्म झाला आणि २००६ मध्ये ‘गार्डियन’ने करदात्यांच्या डेटासाठी मोहीम उघडली. १ एप्रिल २०१० रोजी ऑर्डनन्स सर्व्हेचे काही थर खुले झाले, सर्व नाही. भारतातही डेटामीटसारख्या स्वयंसेवी गटाने मतदारसंघ, प्रभाग अशा सीमा जमवून, दुरुस्त करून खुल्या परवान्याखाली ठेवल्या आहेत. त्या श्रमांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण जी सीमा शासनाने स्वतः आखली आणि अधिसूचित केली, ती स्वयंसेवकांनी पुन्हा जुळवावी लागणे हा कष्टांचा अपव्यय आहे.

डेटा खुला करण्यावरच्या आक्षेपांपैकी सुरक्षेचा आक्षेप गंभीर आहे, पण त्याची सीमारेषा वर सांगितलेल्या २०२१ च्या सूचनांनीच आखून दिली आहे: गोपनीय ते वगळावे, उरलेले द्यावे. खासगीपणाचा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गटाची आकृती आणि सातबाऱ्यावरचे खातेदाराचे नाव या एकाच जमिनीच्या नोंदी असल्या तरी त्या एकत्र आणि घाऊक स्वरूपात खुल्या करणे योग्य नाही. तसे झाले तर कोणाकडे किती जमीन आहे याच्या याद्या दलालांच्या हाती पडतील. गावाची सीमा, ओढा, पूररेषा, रस्ता, वनहद्द, शाळा, आरोग्य केंद्र हे कोणाचे खासगी नाही. मागणीचा रोख तेथे असावा.

पोर्टलचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ज्या शेतकऱ्याला आपला बांध नकाशात कसा दाखवला आहे एवढेच पाहायचे आहे, त्याला शेपफाइल देऊन काही उपयोग नाही. त्याच्यासाठी मोबाइलवर उघडणारा साधा नकाशाच हवा. पण डेटा खुला असेल तर असे नकाशे अनेकांना बनवता येतात, मराठीतून, आपापल्या गरजेप्रमाणे. नुसत्या चित्रातून मूळ डेटा परत काढणे मात्र किती कष्टाचे आहे, ते वर आलेच आहे.

म्हणून कार्यालयाला पत्र लिहिताना ‘नकाशा उपलब्ध करावा’ एवढेच लिहू नये. त्या वाक्याचे उत्तर पोर्टलचा पत्ता हेच असते. कोणता थर हवा, कोणत्या क्षेत्राचा, कोणत्या फाइल स्वरूपात, कोणत्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत), कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत केलेला, आणि गावांच्या नावांसोबत जनगणनेचा किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा (गावे व स्थानिक संस्थांच्या शासकीय यादीचा) सांकेतांक जोडलेला, असे स्पष्ट लिहावे. एकाच तालुक्यात सारख्या नावाची दोन गावे असली की सांकेतांकाशिवाय जुळणी फसते. माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील डेटा ‘माहिती’त मोडतो, आणि कलम ७(९) नुसार माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सामान्यतः द्यावी लागते, जोपर्यंत त्यासाठी कार्यालयाची साधने प्रमाणाबाहेर खर्ची पडत नाहीत. तयार फाइल जशीच्या तशी देण्यात असा ताण येत नाही, उलट ती छापून, स्कॅन करून देण्यातच अधिक वेळ जातो. मात्र माहिती अधिकारात फाइल मिळाली तरी ती पुन्हा प्रसिद्ध करण्याचा परवाना आपोआप मिळत नाही; त्यामुळे त्याच विभागाकडे, तो थर २०१७ च्या मुक्त परवान्याखाली कायमस्वरूपी प्रसिद्ध करावा, अशी दुसरी लेखी मागणी स्वतंत्रपणे करावी लागते.