पदवीधरांचा पगार म्हणजे विद्यापीठाचा परतावा नव्हे

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांबद्दल एक सोपा हिशेब वर्षानुवर्षं फिरतोय: पदवीधरांचा पगार बघा, छापील फी बघा, भागाकार करा, परतावा हाती. दोन्ही आकडे फसवे आहेत.

फीचं पटकन उरकू. छापील रक्कम अनेकजण भरतच नाहीत. अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा करून उरते ती निव्वळ किंमत, तीही राहण्याखाण्यासकट. सरकारी विद्यापीठाची प्रसिद्ध होणारी सरासरी निव्वळ किंमत मात्र त्याच राज्यातल्या विद्यार्थ्यांची असते. परराज्यातल्यांनी आणि परदेशी विद्यार्थ्यांनी तिच्यावर विसंबू नये.

पगाराचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या महाविद्यालयांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा मुख्य आकडा प्रवेशानंतर १० वर्षांनी मिळणाऱ्या कमाईचा मध्यक आहे. त्यात फक्त केंद्रीय आर्थिक मदत घेतलेलेच येतात आणि शिक्षण अर्धवट सोडलेलेही मोजले जातात. म्हणजे हा ‘पदवीधरांचा’ पगार नाहीच! शिवाय अभियांत्रिकी आणि समाजकार्य एकाच आकड्यात कालवलेले. अभियंते जास्त असले की विद्यापीठ आपोआप ‘भारी’ दिसतं. विषयवार आकडे त्याच ठिकाणी मिळतात, ते मला कितीतरी उपयोगी वाटतात.

आणि कमाई विद्यापीठामुळे की मूळच्या हुशारीमुळे? स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये सारख्याच महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्यांची तुलना केली. कमी नामांकित जागा निवडणारेही पुढे साधारण तेवढंच कमावत होते. अपवाद गरीब घरांतल्या मुलांचा: त्यांना नामांकित संस्थेचा फायदा झाला.